खेळणारे आणि खेळाला वाहिलेले

गेल्या पावसाळ्यात सीमाभागातील एका लहान मंडळीच्या तरुण संघापुढे बोलण्यास आम्हांला बोलावणे आले. विषय आमच्यावरच सोपविला होता. आम्ही मोबाईलवरील खेळांचा विषय घेतला आणि, खरे सांगायचे तर, फारसा विचार न करता घेतला. तरुणांवर तोंडसुख घेण्यास आजकाल याच्याइतका सोपा विषय नाही. आईबाप खूष होतात, पाळकसाहेब मान डोलावतात आणि तरुण मंडळी खाली मान घालून सभा संपण्याची वाट पाहतात. वेळेचा सदुपयोग करण्याविषयी पौलाने इफिसकरांस केलेला बोध आम्ही काढला, दोनचार उदाहरणे दिली, थोडे दरडावले आणि प्रार्थना करून खाली बसलो.

चहा चालू असता अकरावीत शिकणारा एक मुलगा जवळ आला. "काका, एक विचारू? रागावणार नाही ना?" आम्ही म्हटले, "विचार की." तो म्हणाला, "मघाशी घड्याळ बघायला तुम्ही फोन काढलात, तेव्हा त्या गोळ्यांच्या खेळाची सूचना आलेली दिसली. किती लेव्हल झाल्या तुमच्या?" आम्ही हसून आकडा सांगितला. तो चौदाशेच्या पुढे गेला होता. आकडा तोंडातून बाहेर पडताच आम्हांलाच तो जरा मोठा वाटला, म्हणून पुढे जोडले, "पण आमचं काय, उगीच वेळ जावा म्हणून." मुलगा थोडा गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे वेळ जावा म्हणून खेळणं बरं आणि मन लावून खेळणं वाईट. असं का, काका?"

आम्ही त्या वेळी काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर नव्हते, हे त्यालाही कळले आणि आम्हांलाही. हा लेख त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर होय.

प्रश्न लहान नाही. भालकी, बसवकल्याण, औराद, हुमनाबाद, आळंद या आपल्या तालुक्यांत घरी मराठी, शाळेत कन्नड आणि बाजारात दखनी बोलत मुले वाढतात. २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा कित्येक घरांत पहिला चांगला फोन आला तो अभ्यासासाठी आला. तुरीच्या पैशांतून आला, कोठे कर्जाने आला. अभ्यासाबरोबर खेळही आले. त्याच वर्षी २ सप्टेंबरला सरकारने पबजीवर बंदी घातली. पुढच्या वर्षी २ जुलैला पबजीची मूळ कोरियन कंपनी क्राफ्टन हिने बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया हा खेळ आणला. तोही जुलै २०२२ मध्ये दुकानातून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. बंद्या आल्या, गेल्या, खेळ राहिला. तेव्हा 'हे खूळ आहे, चार दिवसांत जाईल' असे म्हणून आपली सुटका नाही. मुले खेळणार आहेत. त्यांच्या खेळण्याकडे कोणत्या नजरेने पाहावयाचे, हे मंडळीला ठरवावे लागेल.

या खेळांच्या जगात खेळणाऱ्यांचे दोन वर्ग मानतात. एकास कॅज्युअल म्हणतात, दुसऱ्यास हार्डकोअर. आपण फावल्या वेळचा खेळाडू आणि खेळाला वाहिलेला खेळाडू असे म्हणू. दोघांत फरक काय, असे कोणासही विचारा, उत्तर येईल, 'तासांचा.' थोडा खेळतो तो पहिला, फार खेळतो तो दुसरा. आमचा उपदेशही याच समजुतीवर उभा होता. पण ही समजूत टिकत नाही. डेन्मार्कचे खेळ-अभ्यासक येस्पर यूल यांनी २००९ साली 'अ कॅज्युअल रिव्होल्यूशन' हे पुस्तक लिहिले. हलके खेळ खेळणारी माणसे पुष्कळदा तासन् तास खेळतात, हे त्यांना आढळले. त्यांच्या मते खरा भेद लवचिकपणाचा आहे. हलका खेळ माणसाच्या आयुष्यात मिळेल त्या फटीत बसतो. कठीण खेळ मात्र माणसाने आपले आयुष्य त्याच्याभोवती बसवावे, अशी मागणी करतो.

हे आपल्या घरातील उदाहरणाने समजेल. रंगीत गोळ्या जुळविण्याचा कँडी क्रश हा खेळ २०१२ साली आला. दाराची कडी वाजली, फोन खाली ठेवला, पाहुण्यांशी बोललो, परत आलो. गोळ्या होत्या तेथेच आहेत. खेळ वाट पाहतो. लुडो किंग हा नवी मुंबईतील एका कंपनीने २०१६ साली काढलेला खेळ. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी आजी-नातवंडे तो खेळली. त्यासाठी कोणी सराव केला नाही, कोणाची झोप त्यापायी गेली नाही.

बॅटलग्राउंड्सचे तसे नाही. शंभरपर्यंत खेळाडू एका बेटावर उतरतात. सुरक्षित वर्तुळ आकसत जाते, आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. मोठ्या नकाशावरचा एक डाव अर्ध्या तासाच्या आसपास चालतो. चौघांचा संघ असेल तर चौघे एकमेकांवर अवलंबून असतात. हा खेळ कोणासाठी थांबत नाही. आई जेवायला हाक मारते आणि पोरगे 'आलो, आलो' म्हणत जागचे हलत नाही, यात उद्धटपणा असतोच असे नाही. त्याच्या हातातील गोष्ट मध्येच ठेवता येण्यासारखी नसते. आईच्या फोनवरच्या खेळाला थांबा माहीत आहे, मुलाच्या खेळाला नाही. एवढे कळले असते तर कित्येक घरांतील निम्मी भांडणे वाचली असती. भाकरी अर्धा तास आधी किंवा अर्धा तास नंतर ठरविता आली असती.

महिनाभराने आम्ही त्या गावी पुन्हा गेलो, तेव्हा त्या मुलास म्हटले, "तू खेळतोस कसा ते दाखव." त्यास नवल वाटले. त्याने दाखविले. त्याच्या संघात चौघे. एक भालकीचा, एक आळंदचा, एक सीमेपलीकडे उदगीरचा. तिघांना तो प्रत्यक्ष एकदाच भेटला होता. खेळण्याची वेळ ठरलेली, रात्री नऊ ते साडेदहा. हरल्यावर शिवीगाळ न करता डावाचे चित्रण पुन्हा पाहावयाचे, असा त्यांचा नियम. कोण कोठे उभा राहिला, कोणी घाई केली, कोणाचे लक्ष नव्हते, हे सर्व तो एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवतो. वही पाहून आम्ही मनात शरमलो. पंधरा वर्षे आम्ही मंडळ्यांतून उपदेश करीत आहो. कोणता उपदेश कोठे फसला, याची वही आम्ही एक दिवसही ठेवली नाही.

त्याने आणखी एक गोष्ट दाखविली. संघातील गडी गोळी लागून पडला की तो लगेच बाद होत नाही. गुडघ्यांवर रांगत राहतो. साथीदाराने त्याच्याजवळ जाऊन काही सेकंद थांबून त्यास उठवावे लागते. ते काही सेकंद उठविणाऱ्यास बंदूक चालविता येत नाही. तो उघड्यावर असतो. "फावल्या वेळचे लोक पडलेल्याला सोडून पळतात, काका," तो म्हणाला. "त्यांचं काय जातंय? पुढचा डाव आहेच. आम्ही जातो. पुष्कळदा दोघेही मरतो. पण जातो."

येथे आम्हांला त्याच्या प्रश्नाचे पहिले अर्धे उत्तर मिळाले. वाहिलेला खेळाडू तासांनी ओळखता येत नाही. त्याने काहीतरी स्वतःवर बंधनकारक मानलेले असते. तो चुकीची नोंद ठेवतो, वेळ पाळतो आणि दिलेला शब्द पाळतो. फावल्या वेळच्या खेळाडूचे खेळाशी काही देणे लागत नाही, आणि तेही चांगलेच आहे. जखऱ्या संदेष्ट्याने यरुशलेमेच्या सुखाचे चित्र काढले तेव्हा रस्तोरस्ती खेळणाऱ्या मुलामुलींचे चित्र काढले (जखऱ्या ८:५). ती मुले कोणत्याही स्पर्धेसाठी सराव करीत नव्हती. बिनहिशेबाचा खेळ ही देवाची देणगी आहे. पण मन लावणे हीही देणगीच आहे.

बिदरची बिदरी भांडी आपण सर्वांनी पाहिली आहेत. जस्त आणि तांबे यांच्या मिश्रधातूचे भांडे ओततात, मोरचुदाच्या पाण्याने त्यावर तात्पुरता काळेपणा आणतात, बारीक छिन्नीने नक्षी कोरतात, त्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवितात. शेवटी किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या लेपाने धातू काळाकुळकुळीत होतो आणि चांदी तेवढी पांढरी राहते. कारागीर ती माती जिभेवर ठेवून पारखतात. शाह रशीद अहमद कादरी या बिदरच्या कारागिरांस २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या जिल्ह्याने अभिमानाने मान वर केली. 'एवढे आयुष्य एका सुरईत कशास घातले?' असे त्यांना कोणी विचारले नाही. २०२५ च्या जुलै महिन्यात नागपूरची दिव्या देशमुख बुद्धिबळात महिलांचा विश्वचषक जिंकली, तेव्हा आपल्या घरांतून मुलींना तिचे उदाहरण देण्यात आले. चौसष्ट घरांवर लाकडी घोडे हलविण्यात बालपण घालविणे भूषण आणि काचेवर बोट हलविणे पाप, असे म्हणणाऱ्याने भेद कोठे आहे ते सांगावे. भेद नाही असे आमचे म्हणणे नाही. पण 'आमच्या लहानपणी हे नव्हते' हा भेद पुरेसा नव्हे.

आता उत्तराचे दुसरे अर्धे. ते आम्हांला मुलाकडून मिळाले नाही, स्वतःकडून मिळाले, आणि सांगण्यास जड जाते.

मंडळीतील एक वृद्ध गृहस्थ आजारी होते. त्यांना भेटण्यास आम्ही इस्पितळात गेलो होतो. आत डॉक्टर होते, म्हणून बाहेर बाकावर बसलो आणि फोन काढला. त्या गोळ्यांच्या खेळात पाच प्राण मिळतात. एक हरला की तो परत येण्यास तीस मिनिटे लागतात. आमचे दोन उरले होते. काही वेळाने त्यांचा मुलगा बाहेर येऊन म्हणाला, "बाबा तुम्हांला बोलावतायत. काहीतरी बोलायचं आहे म्हणतात." आम्ही म्हणालो, "हा एक मिनिट." ते मिनिट वीस मिनिटांचे झाले. आत गेलो तेव्हा त्यांना झोप लागली होती. देवाच्या कृपेने ते बरे होऊन घरी गेले. पण त्या संध्याकाळी त्यांना काय बोलावयाचे होते, ते त्यांनी पुन्हा काढले नाही, आणि आम्हांला विचारण्याचे धैर्य झाले नाही.

तो खेळ थांबविता येण्यासारखा होता, हे लक्षात घ्या. वाट पाहत नव्हता असा एकही साथीदार त्यात नव्हता, कारण साथीदारच नव्हता. कोणाला शब्द दिलेला नव्हता. कोणतीही वही नव्हती. उगीच वेळ जावा म्हणून आम्ही खेळत होतो. आणि तरी आम्हांला तो थांबविता आला नाही.

म्हणजे खेळणाऱ्यांचे वर्ग दोन नाहीत, तीन आहेत. खेळणारा, खेळाला वाहिलेला आणि खेळाच्या हाती सापडलेला. तिसरा वर्ग दुसऱ्याच्या पलीकडे, अधिक तासांच्या टोकाला असतो, असे आपण समजतो. तसे नाही. पहिल्यातूनही तेथे सरळ वाट जाते, आणि ती वाट अधिक निसरडी आहे, कारण 'आमचं काय, उगीच' या शब्दांनी ती झाकलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात खेळाच्या व्यसनास स्थान मिळाले. ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. तेथे तासांचा आकडा दिलेला नाही. तीन खुणा दिल्या आहेत. खेळण्यावर ताबा न राहणे. आयुष्यातील इतर गोष्टींपेक्षा खेळाला वाढते प्राधान्य मिळणे. आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. हे साधारण वर्षभर चालावे आणि त्याने घर, शिक्षण, काम यांची मोठी हानी व्हावी, तेव्हा डॉक्टर त्यास विकार म्हणतात. आमचा विकार त्या पायरीचा खचित नव्हता. पण डॉक्टरांची पायरी लागण्याच्या पुष्कळ आधी पौलाची पायरी लागते. करिंथकरांस तो लिहितो की, मला मोकळीक सर्व गोष्टींची असली तरी मी कोणत्याही गोष्टीच्या सत्तेखाली जाणार नाही (१ करिंथ ६:१२). त्या बाकावर आमच्यावर सत्ता कोणाची होती?

येथवर वाचून एखादा तरुण वाचक म्हणेल, 'मग ठरले तर. मन लावून, नियमाने खेळणे बरे.' थांब बाबा, इतक्यात नाही. मन लावणे चांगले खरे, पण मन कशास लावले हाही प्रश्न आहेच. आणि हा प्रश्न पौलाहून चांगला कोणी विचारलेला नाही.

करिंथ शहराजवळ इस्थमिया येथे दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत. पौल करिंथात दीड वर्ष राहिला (प्रेषितांची कृत्ये १८:११). गल्लियो तेथे सुभेदार असल्याचा काळ शिलालेखावरून इसवी सन ५१-५२ च्या सुमाराचा ठरतो. तेव्हा ते खेळ पौलाच्या मुक्कामातच भरले असण्याचा पुष्कळ संभव आहे. विजेत्यास तेथे पाइनच्या डहाळ्यांचा किंवा सुकलेल्या पाल्याचा मुगूट मिळे. याच करिंथकरांस पौल धावणाऱ्यांचा व मुष्टियोद्ध्यांचा दाखला देतो (१ करिंथ ९:२४-२७). तो त्यांची थट्टा करीत नाही. 'एवढ्याशा पाल्यासाठी काय हा खटाटोप' असे म्हणून हिणवीत नाही. उलट त्यांचा संयम पाहून तो म्हणतो, हे लोक कोमेजणाऱ्या मुगुटासाठी एवढे करतात. न कोमेजणाऱ्यासाठी आपण किती करतो? खेळाडूकडे बोट दाखवून तो मंडळीस लाजवितो. आम्ही आमच्या उपदेशात नेमके याच्या उलट केले होते.

पण मुगूट कोमेजतो, हे पौल लपवून ठेवीत नाही, आणि आपणही मुलांपासून लपवू नये. बॅटलग्राउंड्समध्ये ब्राँझपासून दर्जे चढत जातात. सर्वांत वरचा दर्जा कॉन्करर, म्हणजे जेता. तो वरच्या पाचशे खेळाडूंनाच मिळतो. आणि ठरलेल्या मुदतीने हंगाम संपतो, सर्वांचा दर्जा खाली आणला जातो, पुन्हा चढावयाचे. आमच्या छोट्या मित्रास आम्ही विचारले, "मग मागच्या हंगामाचं काय राहिलं?" तो म्हणाला, "नावापुढचं चिन्ह राहतं. आणि सवय राहते." चिन्ह हा पाइनचा पाला. सवय मात्र विचार करण्यासारखी आहे. पडलेल्यास उठविण्यास जाण्याची सवय फोनच्या बाहेर येते काय? त्याच वर्षी त्याच्या वडिलांच्या शेतात तुरीच्या राशीचे काम चालू असता तो नऊ वाजता खोलीत गेला होता, कारण संघाला शब्द दिला होता. वडील एकटे पोती भरीत होते. बेटावरील गडी पडला तर उघड्यावर धावून जाणारा मुलगा अंगणातील बापास दिसेनासा झाला. हे आम्ही त्यास बोललो. तो काही बोलला नाही. वही मिटून बसला.

पैशांचे आमिषही सांगावयास हवे. या खेळाची पहिली मोठी अधिकृत स्पर्धा २०२१ सालची. तिची बक्षिसे एकूण एक कोटी रुपयांची होती. जकार्ता येथे २०१८ च्या आशियाई खेळांत प्रदर्शनीय प्रकार म्हणून ई-क्रीडा झाल्या, आणि गुजरातेतील भुजच्या तीर्थ मेहता याने पत्त्यांच्या एका खेळात कांस्यपदक मिळविले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर त्याने बंदी घातली, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, आणि ई-क्रीडेस मान्यता दिली. जुगार आणि खेळ यांत भेद करावा, ही त्यातील दृष्टी योग्यच आहे. पण पदक एकाचे, बक्षीस चौघांचे, आणि त्यासाठी रात्री घालविणारे अगणित, हे गणित कायदा सांगत नाही. ते घरच्या माणसाने मायेने सांगावयाचे असते. त्या मुलाचा संघ एका स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत बाद झाला होता. ते तो हसत सांगत होता. हसता आले, म्हणून आम्हांला त्याची फार काळजी वाटली नाही.

आता आपल्याकडे वळू. बिदर भागातील आपल्या पुष्कळ मंडळ्या मेथडिस्ट परंपरेच्या आहेत. हे नाव कोठून आले? ऑक्सफर्ड येथे १७३० च्या सुमारास जॉन व चार्ल्स वेस्ली आणि त्यांचे काही मित्र ठरल्या वेळी प्रार्थना, ठरल्या वारी उपास, ठरल्या दिवशी तुरुंगातील कैद्यांच्या भेटी असा नेम पाळू लागले. इतर विद्यार्थ्यांना ते पाहून हसू येई. 'पद्धतवाले' म्हणून त्यांनी केलेली टवाळी, तेच आपले नाव. फावल्या वेळच्या ख्रिस्ती लोकांनी वाहिलेल्यांस ठेवलेले ते नाव आहे. पुढे २५ जुलै १७४१ रोजी वेस्ली यांनी त्याच विद्यापीठापुढे 'जवळजवळ ख्रिस्ती' या विषयावर उपदेश केला. प्रामाणिकपणा आहे, उपासनेस हजेरी आहे, बाहेरून सर्व नीट आहे, आणि तरी मन दिलेले नाही, अशा माणसाचे ते वर्णन होते. तो उपदेश आज आपल्या मंदिरात झाला, तर कोण कोण खाली मान घालील? ज्या दिवशी वेळ असेल त्या दिवशी उपासना, ज्या रात्री झोप नसेल त्या रात्री पवित्र शास्त्र. दार वाजले की प्रार्थना बाजूला ठेवता येते; ती वाट पाहते. आपला विश्वास गोळ्यांच्या खेळासारखा फटीत बसविलेला आहे, आणि आपण मुलांना सांगतो की खेळात एवढे मन लावू नका. मन लावणे म्हणजे काय, हे त्यांनी मंदिरात कोठे पाहिले आहे?

तरी एक सावधगिरीची गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाही तर आमचा दाखला खोटी दिशा दाखवील. खेळात वाहिलेल्यास दर्जा मिळतो, फावल्या वेळच्यास मिळत नाही. देवाच्या राज्यात तसे नाही. ऑक्सफर्डचा तो सारा नेम पाळूनही वेस्ली यांच्या मनाला शांती नव्हती. ती २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमधील आल्डर्सगेट रस्त्यावरील एका लहान सभेत, ख्रिस्ताने आपल्यासाठी सर्व केले आहे ही खात्री पटल्यावर मिळाली. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात (मत्तय २०) अकराव्या तासाला आलेल्या मजुरासही पूर्ण नाणे मिळते. सबंध दिवस राबणाऱ्यांना ते पटले नाही. हा दाखला कोणत्याही वाहिलेल्या खेळाडूस पटणार नाही. आपण निष्ठेने चढतो म्हणून तो आपल्याला घेत नाही. आपण पडलो असता तो उघड्यावर आला, आपल्याजवळ थांबला, आणि त्यातच त्याचा प्राण गेला. आपली निष्ठा त्यानंतरची आहे. ती मोबदला नव्हे, उत्तर आहे.

आमच्या मित्राचे काय झाले, असे वाचक विचारतील. निकाल सांगण्यासारखा काही नाही. तो खेळतो. आम्ही त्याच्याशी एक करार केला. देवाने शब्बाथ दिला तो वाईट कामे थांबविण्यासाठी नव्हे. ती तर रोजच थांबवावयाची. सहा दिवसांचे चांगले काम सातव्या दिवशी खाली ठेवता येते काय, हे पाहण्यासाठी दिला. जे एक दिवसही खाली ठेवता येत नाही, ते काम राहिले नाही, ते देवाच्या जागी बसले आहे. हीच परीक्षा खेळणाऱ्याची, हीच वाहिलेल्याची, आणि उपदेशकाचीही. शनिवारच्या सूर्यास्तापासून रविवारच्या सूर्यास्तापर्यंत त्याने त्याचा खेळ उघडावयाचा नाही, आम्ही आमचा. त्याने आपल्या तिघा साथीदारांस कळविले. उदगीरच्या मुलाने कटकट केली, मग मानले. पहिला रविवार दोघांचाही पार पडला. दुसऱ्या रविवारी दुपारी जेवण करून आडवे झालो असता आमचे बोट आपोआप त्या चित्राकडे गेले. दोन डाव झाल्यावर ध्यानात आले.

सोमवारी त्याचा फोन आला. "काका, आमचं पाळलं. बापाबरोबर शेतात गेलो होतो. तुमचं?"

आम्ही खरे ते सांगितले. तो हसला नाही. म्हणाला, "वहीत लिहा, काका. कुठं चुकलं ते. पुढच्या रविवारी बघू."

वही घेतली आहे. बंधुभगिनींनो, तुमच्यापैकी ज्यांचे 'काही नाही, उगीच वेळ जावा म्हणून' चालले आहे, मग ते फोनवर असो, बाजारगप्पांत असो वा मंदिराच्या बाकावर असो, त्यांनीही एक वही घ्यावी. आणि घरात कोणी मूल मन लावून काही करीत असेल, तर दरडावण्यापूर्वी त्याच्याजवळ जाऊन बसावे व विचारावे, 'तू करतोस कसा ते दाखव.' आपले मूल कोणाला शब्द देते आणि तो कसा पाळते, हे तेथे दिसेल. मग तोच शब्द अंगणातील बापास आणि स्वर्गातील पित्यास देण्याविषयी त्याच्याशी बोलण्याचा अधिकार आपल्याला येईल. प्रभू आपणां सर्वांस मन लावण्याचे आणि वेळ येताच खाली ठेवण्याचेही बळ देवो.